अक्कांनी उडवलेली माणसं

नांदेडच्या दवाखान्यात मी अक्कांना शेवटचं पाहिलं, तेव्हा त्यांनी आपल्या मुलाला, बसूला, पलंगाच्या पायथ्याशी उकिडवं बसवलं होतं आणि तिथलं हँडल फिरवायला लावलं होतं. तो फिरवेल तसा पलंगाचा उशाकडचा भाग वर येई आणि पडलेल्या अक्का आपोआप बसत्या होत. "अजून जरा... बास. आता सावकाश खाली घे." दारातल्या नर्सबाईंना रागवावं की हसावं ते कळत नव्हतं. मला पाहताच अक्का म्हणाल्या, "शोभा, बघ की गं. हात न लावता माणूस वर चढायलंय. चादर पार फरशीपर्यंत सोडली तर हँडल दिसंल का कुणाला? आन आपण इतके दिवस स्टूल घेऊन बसलाव!" त्यांच्या पोटातल्या दुखण्यावर आता इलाज उरला नाही, घरी घेऊन जा, असं डॉक्टरांनी त्याच दिवशी सकाळी सांगितलं होतं. ते अक्कांनाही माहीत होतं. घरून निघताना मी धीराची काही वाक्यं मनात जुळवून नेली होती... ती तशीच परत घेऊन आले.

त्यांना लातूरला नेलं आणि थोड्याच दिवसांत बसूचा फोन आला. "काकू, आई लिंगैक्य झाली," एवढंच तो म्हणाला. पलीकडं घरातल्या बायकांचं रडणं ऐकू येत होतं आणि मी फोन ठेवून बॅग भरायला घेतली. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लोक भेटतात, विचारतात, तुमच्या जाऊबाई त्या पिक्चरवाल्या ना? माणसं उडवायच्या त्या? मी हो म्हणते. मग त्यांना सगळं सांगत बसावंसं वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

महानंदा अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर उदगीरचं, कानडीच्या शेजारातलं, त्यामुळं बोलताना मध्येच एखादा कानडी शब्द सहज येऊन जाई. लातूरला आमच्या सासऱ्यांची, अप्पांची, डाळ मिल. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा अक्का घरचा सगळा कारभार बघत होत्या. आमच्या यांची बदली नांदेडला झाली, मलाही इथल्या शाळेत नोकरी लागली आणि आम्ही नांदेडकर झालो. पण उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्या लातूरलाच. अशाच एका उन्हाळ्यात, दुपारी घरभर पोरं किरकिर करत असताना, अक्कांनी कोपऱ्यातल्या दोन काठ्या घेतल्या, त्यांच्या टोकांना बसूचे बूट अडकवले, काठ्या दोन्ही हातांत पुढं आडव्या धरल्या, मान मागं टाकली आणि मला म्हणाल्या, "गळ्यापासनं बुटापर्यंत चादर टाक." मी टाकली. आणि त्या ओसरीवरून माजघरात चालत आल्या. चादरीच्या एका टोकाला त्यांचं डोकं, दुसऱ्या टोकाला बूट, मध्ये झोपलेलं एक लांबच लांब माणूस कमरेएवढ्या उंचीवरून हवेत सरकत येत होतं! पोरं किंचाळत अंगणात पळाली. चादर मीच टाकलेली असताना मीही दोन पावलं मागं सरकले. अक्कांनी मान वर करून विचारलं, "कसं दिसलं?" त्या प्रश्नात गंमत नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

पुढं बसूचं लग्न झालं. लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरी ढगांमधून तरंगत जातात असा एक तुकडा होता. सगळे वाहवा करत होते. अक्का पुढं सरकून टीव्हीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "ह्यांचे पाय कुठंत? पाय दावल्याबिगर कसं म्हणायचं तरंगायलेत म्हणून? उभे असतील की कशावर तरी." बसू हसला. पण त्यानं आपला जुना मोबाईल त्यांना देऊन टाकला, दोन चित्रं एकावर एक ठेवून वरचं बोटानं पुसता येतं असं एक ॲप त्यात घालून दिलं आणि ते कसं चालतं ते एकदा दाखवलं. त्यानंतर अक्कांनी त्याला पुन्हा विचारलं नाही. मोबाईल शिडीला सुतळीनं पक्का बांधायचा. आधी नुसत्या रिकाम्या जागेचं चित्रण करायचं. मग मोबाईलला धक्का न लावता त्याच जागी माणसाला स्टुलावर बसवून पुन्हा चित्रण करायचं. दुसरं चित्र पहिल्यावर ठेवून त्यातलं स्टूल पुसलं की खालची रिकामी जागा वर येते आणि माणूस अधांतरी राहतो. ऐकायला सोपं आहे. पण अक्कांची उडालेली माणसं खरी का वाटत, ते त्या पुसण्यात नव्हतं, त्यांच्या बघण्यात होतं. "पायाची बोटं खाली सोड. वर उचललीस की बसल्यावानी दिसतीस." "निऱ्या स्टुलाखाली दाबू नको, लोंबू दे." "तुझी सावली खाली ऱ्हाऊ दे, तिला मी पुसणार न्हाई. जमिनीवर सावली दिसली की डोळा बाकीचं सगळं मानतोय." आणि मग शिडीमागं जाऊन "ओंदु... एरडु... मूरु" असं कानडीत मोजून त्या बटण दाबायच्या.

माझं अंग पहिल्यापासून जड. शाळेतल्या फोटोत मी मागच्या रांगेत, घरातल्या फोटोत कुणाच्या तरी खांद्याआड. अक्कांनी जेव्हा सांगितलं की त्यांना एक पिक्चर करायचाय आणि त्यात मी उडायचंय, तेव्हा मला ती थट्टाच वाटली. मी म्हणाले, "अक्का, बसूची बायको आहे ना, सडपातळ आहे, तिला घ्या. कशाला लोकांत माझं हसं करता?" अक्का तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "बारीक माणूस उडालं तर त्यात काय नवल हाय? वाऱ्यानं बी उडतंय ते. तुझ्यासारखी बाई जमिनीवरनं उठली पायजे, मग बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतोय. मला तुझं वजन पायजे, शोभा." माझं वजन कुणाला हवं आहे, असं आयुष्यात पहिल्यांदाच मी ऐकत होते. मी हो म्हणाले.

पिक्चरची गोष्ट त्यांचीच. एक बाई सैपाकघरात कणीक मळत बसलेली असते आणि मळता मळता जमिनीवरून थोडी वर उठते. तिला कळत नाही. बाहेरून हाक येते, चहा आण. ती तरंगतच चहा नेऊन देते, कुणी वर बघत नाही. पाहुणे येतात, ती आणखी वर. सण येतो, ती छताला टेकायला आलेली. तिथूनच ती पोळ्या लाटते, खाली वाढते आणि घरातली माणसं मान खाली घालून जेवतात. एवढीच गोष्ट. मी आधी पाटावर, मग स्टुलावर, मग धान्याच्या कोठीवर बसले. कोठीवर चढताना मला शेजारच्या दोन बायकांनी खालून ढकललं आणि आम्ही सगळ्या इतक्या हसलो की अक्कांना मोजणं परत सुरू करावं लागलं. चहा मागणारा आवाज अप्पांचा. त्यांना काही सांगितलंच नव्हतं. ते ओसरीवरून रोज जसे ओरडत तसे ओरडले आणि अक्कांनी ते टिपून घेतलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या ओसरीवर पांढरा पडदा लावून तो पिक्चर दाखवला. गल्लीतल्या बायका आधी मला बघून खळखळून हसल्या. मग मी छताजवळ बसून पोळी लाटायला लागले, तसं हसू हळूहळू कमी झालं. संपल्यावर कुणीच उठेना. शेवटी समोरच्या घरातली एक म्हातारी म्हणाली, "महानंदा, आता हिला खाली उतरीव गं... नाहक जीव घाबरा व्हायलाय." अक्कांना त्याहून मोठं कौतुक कुणी कधी केलं नसेल.

अप्पांना मात्र हे सगळं फिजूल वाटे. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सगळं आयुष्य गेलेला माणूस, बोलणं मोजकं, कपाळावर भस्माचे पट्टे, सकाळची शिवपूजा कधी चुकवली नाही. पण ओसरीवरच्या पडद्यावर आपला आवाज ऐकून लोक हसले, हे त्यांनी पाहिलं होतं. मग एक दिवस अक्कांना म्हणाले, "सगळ्यांना उडवलीस. आमाला जमंल का न्हाई?" अक्कांनी लगेच स्टूल आणलं. अप्पांनी एकच अट घातली, पूजेचं सोंग करणार नाही. खरी पूजा होईल तेव्हा काय ते चित्रण कर. म्हणून त्यांनी स्टुलावर मांडी घातली, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेतलं, डोळे मिटले आणि पूर्ण पूजा केली. धोतराचे सोगे दोन्ही बाजूंनी मोकळे सोडले होते. अक्कांनी केलेल्या कामात तो तुकडा सगळ्यात सुंदर होता, असं मला आजही वाटतं. अंगणात कोवळं ऊन, खाली सावली आणि सावलीच्या वर शांत बसलेला एक म्हातारा माणूस.

तो व्हिडिओ अक्कांनी फक्त घरच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून तो कुणी बाहेर पाठवला ते शेवटपर्यंत कळलं नाही. फिरून आमच्याकडं परत आला तेव्हा त्याच्याखाली लिहिलेलं होतं की लातूरच्या एका अप्पांवर महादेवाची कृपा झाली आहे, दर्शनानं आजार बरे होतात. आधी मिलवरचे हमाल नारळ घेऊन आले. मग धर्माबादहून एक व्यापारी कुटुंब गाडी करून आलं. मी दिवाळीच्या सुट्टीत पोचले तेव्हा फाटकाबाहेर चपलांचा ढीग होता आणि अप्पा अंगणात खुर्चीवर बसून येईल त्याच्या कपाळाला भस्म लावत होते. अक्का येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या की तो मोबाईलचा खेळ आहे. लोक हसून मान डोलवत आणि पुढं सरकत. रात्री जेवताना अक्का म्हणाल्या, "अप्पा, तुमी स्वतः सांगितल्याबिगर ऐकणार न्हाईत." अप्पा ताटाकडं बघत म्हणाले, "लोकं श्रद्धेनं यायलेत. भस्म लावल्यानं कुणाचं काय वाईट व्हायलंय?"

दुसऱ्या दिवशी निलंग्याकडच्या एका गावाहून एक बाई आली. बरोबर दहा-बारा वर्षांची मुलगी. मुलीच्या ओठाला आणि हनुवटीला ताज्या जखमा होत्या. बाई सांगत होती, लेकीला फेफरं येतं, काल चुलीजवळच पडली. अक्का ओल्या हातानं सैपाकघरातून बाहेर आल्या. "गोळ्या हायेत का चालू?"

"व्हत्या. बंद केल्या, अक्का. अप्पांकडं यायचं तर मनात शंका ठिवू नये म्हणले सगळे."

अक्का अप्पांकडं वळल्या. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांसमोर त्यांनी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशीही चढवला नाही. "अप्पा, सांगा यांना," एवढंच म्हणाल्या. अप्पांचा भस्माचा हात तसाच वर राहिला. मग अक्कांनी त्या बाईचा हात धरला, तिला अंगणाच्या कडेला नेलं, शिडी ओढली, मोबाईल बांधला, रिकाम्या जागेचं चित्रण केलं आणि तिला स्टुलावर बसवलं. बाई बिचकली होती, तरी बसली. अक्का पायरीवर बसून बोटानं पुसत राहिल्या. जमलेले सगळे लोक बघत होते. झाल्यावर त्यांनी मोबाईल त्या बाईच्या हातात दिला. तिच्याच विटक्या लुगड्यात, तिच्याच अनवाणी पायांनी ती हवेत होती.

"आता तुमी बी तरंगलात," अक्का म्हणाल्या. "लावा लेकीच्या डोक्याला हात. थांबंल का तिचं पडणं?"

बाईनं मोबाईलकडं पाहिलं, मुलीकडं पाहिलं. तिचा चेहरा बदलत गेला. ती रडली नाही, संतापली. "म्हंजे तुमी फसवलाव आमाला? इतक्या लांबनं आलो आमी!"

"हाव," अक्का म्हणाल्या. "ह्ये मी केलेलं हाय. म्हणून मीच सांगायलेय. चला, आधी हिच्या गोळ्या चालू करू." त्यांनी पदराला हात पुसले, रिक्षा बोलावली आणि मायलेकींना घेऊन मेंदूच्या डॉक्टरकडं गेल्या. बाई रिक्षात बसेपर्यंत बोलत होती, अक्का ऐकून घेत होत्या.

त्या गेल्यावर अंगणातली गर्दी कुजबुजत पांगली. मी अप्पांना पाणी दिलं. ते प्याले नाहीत. भांडं बाजूला ठेवून म्हणाले, "शोभा, पूजा तर खरी होती."

"हो अप्पा. मी होते ना तिथं."

"पण तेवढीच कुणी बघितली न्हाई."

सकाळी लोक पुन्हा आले तेव्हा खुर्ची नव्हती. अप्पा स्टुलावर बसले होते. समोर पुरेशी माणसं जमल्यावर त्यांनी धोतराचा सोगा स्वतःच्या हातानं वर उचलला आणि स्टूल दाखवलं. "ह्येच्यावर बसलो होतो. सुनंनं मोबाईलवर ते पुसलं. माझ्यात काही न्हाई. दवाखाना सोडून इकडं येऊ नका." काही लोक रागावून गेले. काही हसले. एका वयस्क गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, अप्पांच्या पाया पडले आणि मग स्टुलालाही हात लावून नमस्कार केला! अक्कांनी कपाळावर हात मारून घेतला. अप्पांचं ते बोलणंही त्यांनी चित्रित करून सगळीकडं पाठवलं. ते पहिल्या व्हिडिओइतकं कधीच फिरलं नाही. तरी हळूहळू येणारे कमी झाले. मुलीची आई दोन-तीनदा औषधासाठी लातूरला आली तेव्हा अक्काच बरोबर गेल्या. मुलीचं पडणं पूर्ण थांबलं नाही, पण खूप कमी झालं.

अप्पा कितीतरी दिवस अक्कांशी कामापुरतंच बोलत होते. मग एकदा पूजा आटोपून ओसरीवर आले आणि म्हणाले, "थोरली, परत एकदा उडीव. पण ह्या खेपेला खाली उतरताना बी दाव." अक्कांनी ते केलं. त्या तुकड्यात अप्पा वर जातात, जरा थांबतात आणि सावकाश खाली येऊन आपल्या सावलीवर बसतात. अक्का म्हणत, वर नेणं काही अवघड नाही, उतरवताना माणूस दगडासारखं पडता कामा नये. त्या एवढ्याशा तुकड्यासाठी त्यांनी पुढच्या वर्षीची सगळी दिवाळी घालवली.

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून नेतात. अक्कांनाही हिरवं लुगडं नेसवून, फुलांनी सजवलेल्या आसनावर बसवून नेलं. जंगमांचं मंत्र म्हणणं चालू होतं, गल्लीतल्या सगळ्या बायका दारात आल्या होत्या आणि अक्का त्या सगळ्यांच्या डोक्यावरून गेल्या. मी फाटकाशी उभी होते. तोवर आवरलेलं रडणं मला तिथं आवरलं नाही.

मागच्या रविवारी लातूरला गेले होते. अप्पा आता फारसे बाहेर पडत नाहीत, ओसरीवरच असतात. आम्ही दोघं बोलत बसलो असताना मिलवरचा एक नवा माणूस काही कामानं आला आणि त्यानं मोटारसायकल थेट अंगणात आणून उभी केली. उन्हाची तिरीप तेव्हा नुकतीच भिंतीवरून खाली येत होती. चित्रण करायला अक्का याच उजेडाची वाट बघत आणि त्या वेळी अंगणात कुणाची गाडी, बादली, वाळवण काही चालत नसे. बसूची सायकलसुद्धा त्या फाटकाबाहेर काढायला लावत. अप्पांनी आपली काठी जवळ ओढली, भिंतीला धरून उठले आणि पायरीपर्यंत गेले.

"गाडी भायेर लाव रे," ते त्या माणसाला म्हणाले. "उजेड यायलाय. आमच्या थोरलीला अंगण मोकळं लागतंय."

त्या माणसाला काही माहीत नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मानेनं हो म्हटलं. त्यानं गाडी ढकलत फाटकाबाहेर नेली आणि अप्पा पायरीवरच, ऊन अंगणभर पसरेपर्यंत, काठी टेकून उभे राहिले.